कामेहामेहा, रासेनगान आणि दोन जावांचा अबोला

मैत्रिणींनो, वरचं शीर्षक वाचून हा कुठला नवा पदार्थ, असं काहींना वाटेल. पण ज्यांच्या घरात दहा ते सोळा वर्षांचं मूल आहे, त्यांच्या कानावर हे शब्द रोजच पडत असणार. शाळेतून आलं, दप्तर फेकलं, पोहे पुढ्यात घेतले की सुरू. "गोकूचा कामेहामेहा लागला ना, तं नारुतो उरतच नाही!" "अन् रासेनगान काय शोभेचं हाय काय?" यवतमाळला आमच्या आळीतली पोट्टी तर गल्लीच्या तोंडाशी सायकली आडव्या लावून तास तास यावरच बोलतात. एवढ्या तळमळीनं आपण कधी भाजीवालीशीही हुज्जत घातली नसेल.

या आठवड्याचं पत्र दिग्रसहून आलं आहे. एकत्र कुटुंब, जुना वाडा. खाली थोरले दीर-जाऊ, माडीवर या स्वतः. स्वयंपाक एकच. थोरल्यांचा मुलगा नववीत, यांचा सातवीत. दोघांनाही जपानी चित्रमालिकांचं वेड. थोरला गोकूचा, धाकटा नारुतोचा. दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर कुणाचा वार भारी यावरून जुंपली, शब्दानं शब्द वाढला, धाकट्यानं दादाच्या छातीवर बुक्की मारली, दादानं ढकललं, आणि धाकटा पायरीवर तोंडावर आपटला. समोरचा दात अर्धा तुटला. मग दोघींचं जुंपलं. "आधी हात तुमच्या पोरानं उचलला," असं जाऊबाई म्हणाल्या. "मोठ्याला समज नको का?" असं या म्हणाल्या. तेव्हापासून तीन आठवडे अबोला. एकाच ओट्यावर एक पोळ्या लाटते, दुसरी भाजी परतते, आणि मीठ हवं असलं तरी मुलीला मध्ये घालून मागायचं. या भगिनींचा प्रश्न एवढाच, की या कार्टूनांवर घरात बंदीच घालावी का?

बाई, उत्तर देते. पण आधी भांडण कशावरून झालं ते नीट समजून घेऊ या. भाजी खारट झाली म्हणून घरात वाद झाला तर मीठ म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं. इथे मीठच अनोळखी आहे. म्हणून मी माझ्या भाच्याला शेजारी बसवून या दोन्ही मालिकांचे बरेच भाग पाहिले. मुलांना वाटतं तितक्या त्या अवघड नाहीत, आणि आपल्याला वाटतं तितक्या टाकाऊही नाहीत.

जपानी चित्रमालिकांना ॲनिमे म्हणतात. मुलं हा शब्द मोठ्या ऐटीत उच्चारतात, जणू त्यांनीच शोधून काढला. पण तुमच्यापैकी ज्या आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांनीही ॲनिमे पाहिलंय बरं का! १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं आठवतं? चड्डीतला मोगली, बगीरा, आणि नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान? ती मालिका जपानची. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीनं ती १९८९ साली काढली होती. हिंदीतलं शीर्षकगीत तेवढं आपल्या गुलजारांचं. तेव्हा घरोघरी आंघोळी खोळंबायच्या. तेव्हा मुलाला "काय ते जपानी खूळ" म्हणण्याआधी जरा दमानं.

आता गोकू. अकिरा तोरियामा या चित्रकारानं १९८४ साली एका जपानी साप्ताहिकात 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा सुरू केली. तिचा नायक गोकू. हा मूळचा कोण? चिनी कथेतला वानर, सुन वुकोंग. त्याच नावाचा जपानी उच्चार सोन गोकू. म्हणून तर लहानपणी त्याला शेपूट असते. सोळाव्या शतकातल्या त्या चिनी कादंबरीत हा वानर एका भिक्षूची पाठराखण करत धर्मग्रंथ आणायला पश्चिमेकडे, म्हणजे भारताकडे, निघतो. आणि तो भिक्षू कल्पनेतला नव्हे; सातव्या शतकात भारतात आलेला, शाळेच्या पुस्तकातला आपला ह्युएन त्संग. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत नि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं लिहून गेला. (दोन्ही जावांनी हे वाक्य आपापल्या परीनं वाचावं.)

गोकूचा मुख्य वार म्हणजे कामेहामेहा. दोन्ही तळवे कमरेशी जोडून शक्ती गोळा करायची आणि पुढे झोकून द्यायची. निळा झोत सुटतो. ही विद्या त्याच्या म्हाताऱ्या गुरूची. ती साधायला गुरूला पन्नास वर्षं लागली, आणि गोकूनं एकदा बघून लगेच करून दाखवली. गुरूनं तर एकदा या झोतानं चंद्रच उडवला. नावाची गंमत ऐका. तोरियामांना वाराला नाव सुचेना. तेव्हा त्यांच्या पत्नीनं हवाई बेटांवरच्या जुन्या राजाचं नाव सुचवलं, कामेहामेहा. जपानीत 'कामे' म्हणजे कासव, आणि गुरूही कासवपंथी, त्यामुळे चपखल बसलं. जगभरची पोरं जो शब्द घसा फोडून ओरडतात तो एका गृहिणीनं घरात बसल्या बसल्या दिलेला आहे, हे मुलांना सांगून बघा. आणखी एक. गोकू चिडला, फार शक्तिमान झाला की त्याचे काळे केस पिवळे होतात. मुलं त्यावर काय काय अर्थ लावतात! पण तोरियामांनीच सांगितलंय, की काळे केस शाईनं भरत बसण्यात मदतनिसाचा वेळ फार जायचा, केस रंगवायचे नसले की काम वाचतं. काटकसर कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

नारुतोची गोष्ट वेगळी. मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली. नारुतो जन्मला त्याच दिवशी आईबाप गेले, त्याला वाचवताना गेले. गावातली माणसं त्याला टाळतात, आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तो तीनदा नापास होतो. हे तीनदा नापास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याचा वार रासेनगान, म्हणजे तळहातावर गरगर फिरणारा शक्तीचा गोळा. ही विद्या त्याच्या वडिलांनी तीन वर्षं खपून शोधलेली. नारुतो ती शिकतो कशी? आधी पाण्यानं भरलेला फुगा हातात धरायचा आणि आतलं पाणी फिरवून तो फोडायचा. मग पाणी नसलेला रबरी चेंडू फोडायचा. तो फार कठीण. मग साध्या फुग्यात तेवढंच वादळ उठवायचं आणि फुगा मात्र फुटू द्यायचा नाही. ताक घुसळताना रवीला जोर तर हवा, पण भांड्याबाहेर थेंब उडायला नको, तसंच म्हणा ना. दिवसेंदिवस त्याचे तळहात सोलून निघतात. एका हातानं जमतच नाही. शेवटी तो आपलीच दुसरी प्रतिमा उभी करतो आणि तिच्या हातांची मदत घेतो, तेव्हा कुठे गोळा उभा राहतो.

आता तुम्ही म्हणाल, या खेळात नवीन काय? काहीच नाही. आमच्या लहानपणी 'कर्ण श्रेष्ठ की अर्जुन' यावर लग्नघरात जेवणाच्या पंगती लांबायच्या. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली, आणि निम्मा महाराष्ट्र कर्णाच्या बाजूनं उभा राहिला. वाद तोच. अर्जुनाजवळ शंकराकडून मिळालेलं पाशुपतास्त्र होतं. मग कर्णाचं काय चाललं असतं? छे, कर्णानं कवचकुंडलं दिली नसती तर? आणि इंद्राची ती शक्ती, जी एकदाच सोडता येणार होती, ती घटोत्कचावर खर्च झाली नसती तर? अशा जर-तरांवर आमच्या एका आजोबांनी आयुष्य काढलं. पुढे १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, १९८८ च्या गांधीजयंतीपासून 'महाभारत'. दोन्हीकडून बाण सुटायचे, आकाशात एकमेकांना भिडायचे, ठिणग्या उडायच्या आणि एक बाण विझायचा. गोकूच्या मालिकेत दोन झोत समोरासमोर भिडतात ते दृश्य पाहून माझी सासू म्हणाली, "अगं, हे तर आपलंच!" तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि खरोखरच थोडं आपलं आहे. नारुतोचा सवंगडी नि शत्रू सासुके. त्यांच्या वैराचं मूळ सांगताना लेखकानं दोन पूर्वज भाऊ दाखवलेत, त्यांची नावं इंद्र आणि असुर. शेवटच्या लढाईत सासुके जो विजेचा बाण सोडतो त्याचं नाव इंद्राचा बाण. मालिकाभर ज्या शक्तीवर सगळं चालतं तिला ते म्हणतात चक्र. १९९२ साली युगो साको या जपानी दिग्दर्शकानं आपल्या राम मोहन यांच्या जोडीनं संपूर्ण रामायणाचाच चित्रपट केला. तो २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडच्या चित्रपटगृहांत नव्यानं लागला होता. मुलांना तो दाखवा. रामाची अस्त्रं बघून ती स्वतःहून तुमच्याशी बोलायला येतील.

बरं, मग भारी कोण? एवढं सांगितलं आणि निकाल दिला नाही तर भाचा मला बोलू देणार नाही. नुसत्या ताकदीचं विचाराल तर गोकू. त्यात वाद नाही. ज्या कथेत गुरुजी चंद्र उडवतात, त्या कथेचं मापच वेगळं. गोकूचा झोत लांबून लागतो; रासेनगान मात्र शत्रूच्या अंगाला नेऊन लावावं लागतं. पुढे नारुतो ते फेकायला शिकतो, पण त्या मोठ्या प्रकारात सुरुवातीला त्याच्याच हाताला इतकी इजा होते, की वैद्यबाई त्याला तो वार वापरू नकोस म्हणून बजावतात. पण कसब बघाल तर माझं मत नारुतोला. एकदा बघून आलेल्या विद्येचं कौतुक आहे, पण फुग्यावर फुगे फोडून आलेली विद्या मला जास्त जवळची वाटते. पुरणपोळी एका दिवसात कुणाला येते का?

मुलांच्या वादाची पद्धतही जाणून घ्या, म्हणजे मध्ये बोलता येईल. ती पुरावा मागतात. कुणी काय म्हटलं याला किंमत कमी, प्रत्यक्ष काय करून दाखवलं याला जास्त. "अमका म्हणाला मी जग बुडवीन" हा पुरावा नव्हे. बुडवलेलं दिसलं पाहिजे. लेखकानं स्वतः मुलाखतीत काही सांगितलं असेल तर ते वरच्या कोर्टाचं. आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. ड्रॅगन बॉलमध्ये डोळ्याला लावायचं एक यंत्र आहे, ते समोरच्याची शक्ती आकड्यात सांगतं. त्यात गोकूची शक्ती नऊ हजारांच्या वर, असं एक वाक्य जगभर गाजलं. मूळ जपानीत मात्र तो आकडा आठ हजार आहे! भाषांतर करताना हजार वाढले. आपल्याकडे हुंड्याच्या बातमीत वाढतात तसे. आणि पुढे पुढे तोरियामांनी आकडे देणंच सोडून दिलं.

याच यंत्रानं एका शेतकऱ्याची शक्ती मोजली जाते. गावठी बंदूक हातात घेऊन आपल्या शेतात उभा असलेला साधा शेतकरी. त्याचा आकडा येतो ५. पाच हजार नव्हे, नुसते पाच. मुलं एकमेकांना चिडवताना 'तू पाचवाला' म्हणतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या घरात दिलेल्या किंवा कापसाच्या घरातून आलेल्या बाईला तो आकडा टोचल्याशिवाय राहणार नाही. इथल्या शेतकऱ्यानं काय काय उचललंय, आणि कुठल्या ओझ्याखाली कितीजण गेले, हे आपण बातम्यांत नव्हे, शेजारच्या घरात पाहिलंय. मी भाच्याला एवढंच विचारलं, की तुझ्या आजोबांना त्या यंत्रानं मोजलं असतं तर काय आलं असतं रे? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आत्या, ते मशीन फक्त मारायची ताकद मोजते." पोराला कळतं हो सगळं. आपण विचारत नाही.

आणि एका बाईबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोकूची बायको, ची-ची. लहानपणी गोकूनं तिला लग्नाचं वचन दिलं तेव्हा त्याला लग्न म्हणजे काहीतरी खायची वस्तू वाटली होती! वचन म्हणून मग लग्न केलं. हा गृहस्थ मग काय करतो? सराव. कमाई नाही, घरी वेळेवर येणं नाही, दोनदा तर मरून येतो. घर कुणी चालवायचं? मुलानं शिकावं म्हणून ची-ची जीव टाकते, आणि म्हणून जगभरचे चाहते तिला कटकटी म्हणतात. तिच्या मुलाचं, गोहानचं, काय झालं ते मात्र बघा. कथेतला सगळ्यात मोठ्या कामेहामेहांपैकी एक त्याच पुस्तकी गोहाननं, एक हात जायबंदी असताना, एका हातानं सोडला आणि बापाला न हरलेला राक्षस हरवला. आणि पुढे तो विद्वान झाला तो झालाच. मुलांच्या वादात तुम्हाला कुणाची बाजू घ्यायची असेल तर मैत्रिणींनो, ची-चीची घ्या.

आता दिग्रसच्या पत्राकडे वळू. बाई, तुमच्या चार पानी पत्रात एक ओळ शेवटी, जाता जाता लिहिली आहे. बुक्की मारण्याआधी दादा काय म्हणाला ते तुम्ही मुलाकडून ऐकलंत आणि तसंच लिहिलंत: "तुहा नारुतो तं नापासच होता, तुह्यावानी!" त्याच्या वरच्या पानावर तुम्ही लिहिलंय, की मुलगा गणितात मागे पडलाय, सहामाहीला जेमतेम काठावर आला, आणि पुतण्या मात्र वर्गात पहिल्या तिनांत असतो. ही दोन पानं तुम्ही एकत्र वाचली नाहीत, कारण नारुतो नापास होता हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

म्हणजे तो दात कामेहामेहापायी तुटलेला नाही. ज्या पोराला घरात सकाळ-संध्याकाळ "दादाकडे बघ" ऐकावं लागतं, त्यानं आपल्यासारखाच एक नापास पोरगा शोधला, जो पुढे गावाचा मुखिया होतो. त्याच्या जिवाचा आधार तो. आणि दादानं नेमकं तिथेच बोट ठेवलं. हा वार त्या वाड्यातल्या सगळ्या अस्त्रांत भारी ठरला. आणि दादाला तो सुचला कुठून? जेवताना मोठ्या माणसांच्या तोंडून त्यानं तो शंभरदा ऐकला असणार. त्या बिचाऱ्याचीही सोय नाही. पहिल्या तिनांतून चौथ्यावर घसरला तर त्याचं काय होईल, याची धास्ती त्यालाही असते. एकदा बघून सगळं येणाऱ्या गोकूवर त्याचं प्रेम बसलं ते उगीच नसेल.

तेव्हा बंदी घालू नका. बंदी घातलीत तर मुलं शेजारच्या घरी जाऊन बघतील आणि तुमच्याशी बोलायचीही बंद होतील. तुमच्या घरात बंदी घालायचीच तर मार्कांच्या तुलनेवर घाला, आणि ती दोन्ही मजल्यांवर एकाच दिवशी सुरू व्हायला हवी. एकटीनं करून भागणार नाही. म्हणून जाऊबाईंशी बोलणं आलं.

महाभारतात अश्वत्थाम्यानं आणि अर्जुनानं एकमेकांवर ब्रह्मशिर अस्त्रं सोडली तेव्हा व्यास आणि नारद मध्ये जाऊन उभे राहिले. परत घ्या म्हणाले. अर्जुनानं घेतलं. अश्वत्थाम्याला परत घेता येईना. त्यानं ते वळवलं, आणि ते पडलं कुठे? पांडवांच्या बायकांच्या गर्भावर, उत्तरेच्या पोटातल्या पोरावर. पुरुषांचं युद्ध संपलं होतं, तरी. कथाकीर्तनात हा भाग घाईनं उरकतात, पण मला तो नेहमी अडतो. तुम्ही दोघी व्यास-नारदांच्या जागी असायला हव्या होतात, आणि दोघींनीही आपापलं अस्त्र काढलंत. दुपारी ओटा आवरल्यावर चहाचे दोन कप ठेवा. दाताचा विषय काढू नका, हात आधी कुणी उचलला तोही नको. एवढंच म्हणा, की ताई, त्या दिवशी पोरं काय बोलली ते मला आत्ता कळलं, तुम्हाला सांगते. आणि ती ओळ सांगा. "तुमचा मुलगा असं बोलला" या सुरात नाही; "आपण दोघी असं बोलतो" या सुरात. मोठी जाऊ आहे, पहिला शब्द धाकटीनं टाकला तर तुमचं काही कमी होत नाही. त्या नाही बोलल्या तर चहा पिऊन उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप ठेवा.

मुलांसाठी एक खेळ सुचवते. रविवारी संध्याकाळी ओसरीवर सभा भरवा. घरातली आजी न्यायाधीश. वाद गोकू-नारुतोचाच, पण दादानं नारुतोची बाजू मांडायची आणि धाकट्यानं गोकूची. पुरावा दिल्याशिवाय बोलायचं नाही, नापास-पास हे शब्द काढायचे नाहीत, आणि अंगाला हात लावला तो हरला. आमच्याकडे पहिल्याच सभेत भाच्याला विरुद्ध बाजूनं बोलताना घाम फुटला. तोंडं चालू राहावीत म्हणून सांभारवडी किंवा फोडणीचे मुरमुरे पुढे ठेवा. तोंडात घास असला की आवाज आपोआप खाली येतो. यंदा नवरात्रात दुर्गोत्सव बघायला यवतमाळला याल तेव्हाही मुलांना एका मूर्तीपुढे उभं करून विचारा, की देवीच्या हातातलं कुठलं शस्त्र भारी? त्रिशूळ शंकराचं, चक्र विष्णूचं, वज्र इंद्राचं, धनुष्यबाण वायूचे, परशू विश्वकर्म्याचा, सिंह हिमालयानं दिलेला. तासभर निश्चिंती, आणि रांगेत कुरकुर नाही.

वार करून बघण्याचा मोह मात्र वेळीच मोडा. हे काही नवीन नाही. १९९७ साली 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हाही पोरं गरगर फिरून पडायची आणि आया तक्रारी करायच्या. तळवे जोडून ओरडणं चालेल. पायऱ्या, गच्ची आणि विहिरीचा काठ इथे मुळीच नाही. बघण्याचेही नियम हवेत. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा उजेड फार वेगानं लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तिथे कार्यक्रमाआधी सूचना देतात, की खोलीत दिवा लावा आणि पडद्यापासून लांब बसा. आपली मुलं तर अंधारात पांघरुणाखाली मोबाईल नाकाशी धरतात. दिवा चालू, मोबाईल हातभर लांब, आणि झोपण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, हे ठरवून टाका. ज्या मुलाला कधी फिट आली असेल त्याच्याबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले भाग दाखवू नयेत.

आता दात. दुखत नाही म्हणून राहू दिला, असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका. सातवीतल्या मुलाचे समोरचे दात कायमचे असतात. आतली नस पुढे हळूहळू मरू शकते आणि दात काळवंडतो, म्हणून या आठवड्यातच दंतवैद्याला दाखवा. इतर भगिनींनीही ध्यानात ठेवावं: तुकडा पडला तर तो शोधून दुधात घालून न्यावा, पुष्कळदा तो परत चिकटवता येतो. आख्खा कायमचा दात मुळासकट निखळला तर मुळाला हात लावू नये, घासू नये. वरच्या पांढऱ्या भागाला धरून दुधात किंवा स्वच्छ पाण्यात नुसता बुचकळावा, जमलं तर लगेच जागेवर बसवून रुमाल चावायला द्यावा, नाही तर थंड दुधाच्या वाटीत ठेवून तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. ओठ सुजला असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून धरावा. दंतवैद्याकडे जाताना दादाला बरोबर घ्या. रांगेत बसल्यावर दोघं काय बोलतील ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वणीच्या भगिनींनी कैरीच्या लोणच्यावर धरलेल्या बुरशीबद्दल विचारलं आहे. जागेअभावी ते उत्तर पुढल्या आठवड्यात.